कपाशीतली पोर

शेजारच्या ताई बोलायला लागल्या की आधी "तसं काही नाही, पण" म्हणतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडून हसतात. कथांमध्ये मात्र काही सोडत नाहीत. धुळ्याच्या एका मासिकाने त्यांच्या कथांवर विशेषांक काढला, तेव्हा सत्काराला मीही गेले. दोंडाईच्याकडच्या गावाहून आलेली त्यांची म्हातारी आई पहिल्या रांगेत बसली होती.

संपादक एका कथेवर भरभरून बोलले. तिसरीही मुलगीच झाली म्हणून आई तान्ह्या पोरीला कपाशीच्या शेतात टाकून घरी जाते आणि पहाटे येऊन तिला उचलून नेते. "केवढी ही कल्पनाशक्ती!" ते म्हणाले.

ताईंनी माईक घेतला. "कल्पना नाही ती. ती पोर मी आहे."

मला त्यांच्या आईकडे बघायचा धीर होईना. म्हातारी खुर्चीला धरून उठली.

"बठ्ठं खरं शे," ती म्हणाली. "पन मी घर गयीच नही, पोरी. रातभर बांधवरच बठेल व्हती."

हे ताईंना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या मंचावरून उतरल्या आणि भर सभेत आईच्या पायाशी फरशीवर जाऊन बसल्या.