झेंड्यावर डाग नाही

फुलचूरजवळच्या सरकारी खदानीत सुरुंग उडायचा, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या अडवायला सरकारने एक माणूस ठेवला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मला गोंदियाला रेल्वे गाठायची घाई, आणि हा नेमका माझीच बैलगाडी अडवायचा. तीही डोक्यावरचं लाल पागोटं काढून, ते हलवून! सरकारने दिलेला लाल झेंडा फडक्यात गाठी मारून सदऱ्याच्या आत जपलेला.

"झेंडा कायले देला सरकारनं? काढत काऊन नाही?" मी एकदा वैतागलो.

"मळन ना जी! साहेबाले दाखवासाठी ठेवून राहिलो."

तेवढ्यात साहेबाची मोटार आलीच. साहेबाला पागोटं कसं दाखवायचं? हा लगबगीने गाठी सोडायला बसला. शेवटची गाठ दातांनी ओढेपर्यंत मोटार पुढे गेली आणि सुरुंग उडाला.

धुरळा खाली बसला, तेव्हा साहेब खोकत पायीच परत येत होता, टोपीपासून बुटापर्यंत मातकट. हा ताठ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी झेंडा पसरला.

"पाहून घ्या साहेब, एक डाग लागू नाही देला."

साहेबाने पाहिलं. त्या अख्ख्या रस्त्यावर तेवढीच एक वस्तू स्वच्छ होती.