शिवलेली डोलकाठी

लेकीसाठी आलेल्या स्थळातला मुलगा गोव्यात शिडाच्या होड्या दुरुस्त करतो असं कळलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलगा लासूर स्टेशनचा. तिथं कांद्याचे ट्रॅक्टर दुरुस्त होतात, होड्या कुठून आल्या? आमच्या संभाजीनगरात तर नळालासुद्धा आठ-आठ दिवस पाणी येत नाही!

लेकीला मात्र तो पसंत होता. "आई, बघ ना," म्हणून फोटो दाखवायची. होडीपुढं उभं राहून कुणीही फोटो काढतं, मी म्हणलं. तिचे बाबा गेल्यापासून तिची काळजी माझ्या एकटीच्या गळ्यात. पोरगी चुकीच्या घरी पडली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ते कळल्यापासून तो व्हॉट्सॲपवर मला वाक्यं पाठवायला लागला. होड्यांचे मालक परदेशी. काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, ते त्यांना इंग्रजीत कळवावं लागतं म्हणे. "काकू, जरा तपासून द्याल का?" तळाला चीर गेलीय, पाणी आत येतंय. सुकाणू अडकलंय, उजवीकडं वळत नाही. शीड फाटलं होतं, शिवून घेतलं. मी चुका दुरुस्त करून द्यायची आणि मनात म्हणायची, लई गोड बोलतोय, सासूला पटवायचा धंदा दिसतोय. असली वाक्यं काय, कुठूनही उचलता येतात.

मग एकदा मी मुद्दाम खडा टाकून बघितला. शीड म्हणजे कापड, ते शिवतात. मी ते खोडून तिथं डोलकाठी लिहिलं, म्हणजे शीड बांधायचा खांब. म्हणजे वाक्य असं झालं, की डोलकाठी फाटली होती, आम्ही ती शिवून घेतली. खरा कारागीर असेल तर बोंबलंल. त्याचं उत्तर आलं, "थँक्यू काकू, लई छान झालं." खाली जोडलेले हात.

सापडला! मी फोन लेकीपुढं नाचवला. "बघ तुझा होडीवाला. खांब शिवतोय खांब!"

ती हसत सुटली. "अगं आई, त्यानं मला कवाच विचारलंय, काकूंना कसं सांगू, वाईट वाटंल त्यांना. मालकाला त्यानं शीडच कळवलं. होणाऱ्या सासूची चूक कोण काढतं?"

लगेच व्हिडिओ कॉल लाव म्हणलं. मागं खरंच होडी होती, आणि त्याच्या मांडीवर फाटकं शीड.

होडीचा संशय फिटला, पण दुसऱ्या शंकेनं मला धरलं. मोठ्या माणसाची एवढी ढळढळीत चूक दिसते, आणि हा मूग गिळून जोडलेले हात पाठवतो. उद्या याची आई माझ्या लेकीला काही वेडंवाकडं बोलली, तर तिथंही हेच करणार?

सुपारी फोडायला मुलाकडचे आले. चहा झाला. विहीणबाई कप ठेवत म्हणाल्या, "लग्नानंतर नोकरी-बिकरी नको बरं का. आमच्यात सुना घरीच शोभतात."

लेक बँकेत आहे. रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली नोकरी ती. मी त्याच्याकडं बघितलं. तो बशीतल्या बिस्किटाकडं बघत होता.

लेक ट्रे घेऊन तिथंच उभी होती. शांतपणे त्याला म्हणाली, "डोलकाठी शिवली तसंच का? ह्याला पण लई छानच म्हणायचं?"

बाकी कुणाला काही कळलं नाही. त्याचे कान लाल झाले. त्यानं बशी खाली ठेवली.

"आई, ती नोकरी सोडणार नाय," तो म्हणाला. "तू चुकीचं बोललीस."

विहीणबाईंचा चेहरा उतरला, लेकीचा फुलला. सुपारी फुटली. पोरगा स्पष्ट बोलतो हं, असं पाहुणे मला सांगत होते. मी हातातला पेढा परत बशीत ठेवला. बोलला, खरंय. पण तिनं विचारल्यावर बोलला.