भरतीच्या रांगेत पहिला नंबर

कोकणातल्या एका खडकावर आम्ही चौघांनी अडीच तास काढले आणि त्याला पर्यटन म्हणायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

विदर्भात, मोहाडीला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स हे नावाला, खरा धंदा भरतीच्या फॉर्मचा. पोलीस भरती, वनरक्षक भरती, तलाठी भरती! दिवसातून शंभर वेळा हा शब्द कानावर पडतो. त्यात आमची पोरगी मयूरी पोलीस भरतीच्या तयारीत. रोज पहाटे मैदानावर धावते. तर यंदा तिला, बायकोला आणि मायला घेऊन समुद्र पाहायला गेलो. यादी भक्कम होती : डॉल्फिन, दीपगृह, मासळीचा लिलाव, उंटावर फोटो. पहिल्या दिवशी डॉल्फिन दिसला. (माय म्हणाली, "म्हैस होय थे, डोबीत बसली.")

उतरलो होतो एका तात्यांच्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तात्या म्हणाले, "किनाऱ्यावर जाताय, पण नऊला भरती आहे हां!"

माझा कप हातातच राहिला. "इथं? किनाऱ्यावर?"

"मग कुठे? रोज दोनदा असते."

रोज दोनदा! आणि आमची पोरं पाच-पाच वर्षं वाट पाहून राहिली! मी खुर्ची जवळ ओढली. "पोरींले घेते काय जी?"

"ती कोणाला सोडते? लहान-मोठा काही बघत नाही." (म्हणजे उंचीचीही अट नाही!) "मागे पुण्याच्या दोघांना आत घेतलंन."

पुण्याचेच काहून? विदर्भावरचा अन्याय मला तिथं चहासोबत गिळावा लागला. "पण लाइन कुठून लागते?"

तात्यांना 'लाइन' बहुधा पाण्याची वाटली. त्यांनी बोट दाखवलं. "तो काळा खडक दिसतो ना? तिथून सुरू होते, ती थेट या माडापर्यंत. आणि पौर्णिमेला तर मोठी भरती!"

मेगाभरती! तीही पंचांग पाहून!

मी खोलीत धावलो. मयूरीच्या कागदपत्रांच्या झेरॉक्सची फाइल माझ्या बॅगेत कायम असते. (लोक देवाचा फोटो ठेवतात.) बायकोच्या कानात सांगितलं, "पोरीले सांगू नको, टेन्शन घेईन. बूट घालून चाल म्हणा फक्त."

"अजी, पण समुद्रावर कायची भरती?"

"समुद्रावर पोलीस लागत नाही का? सागरी!"

ती पोरीचे बूट शोधायला लागली. मी इतक्या जोरात बोललो की बरोबर असणारच, असं तिला वाटलं असावं.

साडेआठला आम्ही ओल्या वाळूवरून चालत त्या खडकावर पोचलो. रांगेत दुसरं कोणीच नव्हतं! मी फाइल मांडीवर घेऊन ऐटीत बसलो. मायने चिवडा काढला.

नऊ वाजले. साहेब आले नाहीत, पाणी आलं. आधी घोट्याएवढं. मी म्हटलं, येते-जाते. मग मागून आलं, मग दोन्ही बाजूंनी. किनारा आणि आमच्यामध्ये जिथून चालत आलो होतो, तिथे आता लाटा!

"कोणं सोडलं हे पाणी?" मी ओरडलो. "गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडाच्या आधी भोंगा तरी वाजवते!"

मयूरीने कानातले इअरफोन काढले. "बाबा, आपण इथं काहून बसून राहिलो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "भरतीसाठी, बेटा."

"मग आली ना भरती!"

"कुठं? एकही साहेब दिसून नाही राहिला!"

तिने माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, मग पाण्याकडे बोट केलं. "बाबा... हे. हे भरती होय. भरती-ओहोटी. सहावीत होती."

त्या क्षणी एक लाट आली आणि फाइल घेऊन गेली. माझ्या पोरीचा अधिवासाचा दाखला अरबस्तानाच्या दिशेनं निघाला!

हसू नका. चौघांत पोहता येणारं कोणी नाही, मायचे गुडघे दुखरे, आणि पाणी वर-वर चढतंय. मी फाइल गेली त्या दिशेलाच पाहत होतो. मयूरीने मात्र आजीला उचलून खडकाच्या शेंड्यावर बसवलं, अंगातलं जॅकेट काढून फिरवायला लागली आणि शिट्ट्या मारल्या. अशा शिट्ट्या की माझा पोरीबद्दलचा अभिमान आणि तिच्या मैत्रिणींबद्दलचा संशय एकदमच वाढला.

बायको एवढंच म्हणाली, "सागरी पोलीस!"

पाणी माझ्या कमरेला लागलं, तेव्हा कुठे एक होडी आली. वल्हं मारत होती एक कोळीणबाई, वयाने मायएवढीच. तिने मायला पोत्यासारखं अलगद उचलून घेतलं, मग दोघींना, आणि मला शर्टाची कॉलर धरून.

किनाऱ्यावर गर्दी जमली होती. तात्या डोक्याला हात लावून उभे. कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं.

"सगळा गाव सांगतो भरती आहे, भरती आहे," कोळीणबाई म्हणाली, "आणि तुम्ही तिथंच जाऊन बसलात! गाव कोणतं हो तुमचं?"

मी भिजलेली मान खाली घातली. माझी अब्रू गेली तर गेली, निदान मोहाडीची तरी राहू दे, असा विचार करून हळूच म्हटलं, "नागपूर."

"नागपूर नोहे बाई!" माय होडीतून खणखणीत आवाजात ओरडली. "मोहाडी! जिल्हा भंडारा! बसस्टँडजवळ याचं झेरॉक्सचं दुकान हाये, नाव लिहून घ्या!"