आमच्या दारापुढची धाव

विमानाने किती वजन घेऊन उडावं हे काढणं माझं काम. रनवेची लांबी, तापमान, वारा, पुढचे अडथळे, सगळं क्रमाने. समोरून येणारा वारा उड्डाणाला मदत करतो, म्हणून तो निम्माच धरायचा. पाठीमागचा नडतो, तो दीडपट. शिवाय एक इंजिन नेमकं नको त्या क्षणी बंद पडणार, हे गृहीतच धरायचं. घरीही मी अशीच आहे. चांगलं निम्मं धरते.

धाकटा भाऊ आमच्याच छोट्या कंपनीत पायलट होता. उड्डाणाआधी फोनवर भांडायचा.

"ताई, अजून एक पॅसेंजर बसतो गं."

"नाही बसत. दुपारचं ऊन आहे, हवा पातळ झालीये."

"तू रेशनच्या दुकानात असतीस ना, तर आपली अख्खी बीडीडी चाळ उपाशी मेली असती."

"मेली नसती, बारीक झाली असती. ठेव फोन."

तो गेला त्या दुपारचे आकडेही मीच दिले. डोंगराजवळच्या धावपट्टीवर, विमान भरवेगात असताना एक इंजिन गेलं. तरी त्याने ते उचललं. चढलंही. मग डोंगरावरून खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात सापडलं. त्या वाऱ्याला आमच्या हिशोबात जागाच नाही. चौकशीत त्याने केलं ते योग्य ठरलं आणि माझे आकडेही बरोबर निघाले. चूक निघाली असती तर निदान ती धरून रडता आलं असतं.

त्याचा पहिला स्मृतिदिन नायगावच्या घरीच केला. पुनर्विकासात आमच्या चाळीचा नंबर अजून लागलेला नाही. बुद्धवंदना झाली, पॅसेजमध्ये चटयांवर माणसं बसली. शेजारच्या मावशी चहाचा कप परत देताना म्हणाल्या, "इंजिन बंद पडलं तर ब्रेक मारायचा ना! बस नाही का थांबत?"

आईने ऐकलं. सगळे गेल्यावर तिने माझा दंड धरला.

"खरं सांग. का नाही थांबला तो? चुकला का?"

मी तिला पॅसेजच्या टोकाला नेलं.

"हा रनवे समज. पलीकडे जिना. एका ठरावीक वेगाच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक मारायचा. त्याच्या पुढे मारला तर थेट जिन्यावरून खाली. म्हणून तो वेग आला की पायलट पॉवरच्या दांड्यांवरून हातच काढून घेतो. घाबरून मागे ओढायला नको."

आईने मधल्या आमच्या दाराकडे बोट केलं.

"लहानपणी इथेच धावायचा. आपल्या दारात मी त्याचा शर्ट धरायची. दार ओलांडलं की मग सापडायचा नाही."

"तो वेग म्हणजे आपलं दार, आई."

"म्हणजे दार ओलांडलं होतं त्याने."

"हो."

"चुकला नाही."

"नाही."

"आणि तू?"

"आकडे बरोबर होते."

"मग गेला कसा गं?"

वाऱ्याचं तिला आधीच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं असतं तरी तिने हेच विचारलं असतं. मीही हेच विचारते.

चटया गुंडाळायच्या होत्या, कप विसळायचे होते. मी कामाला लागले. वळून पाहिलं तर आई आमच्या दारात उभी होती, एक हात पॅसेजमध्ये पुढे करून.