व्हिशावरचं एकच गाव

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी यवतमाळला पोलीस कचेरीत कारकून होतो. परदेशी नागरिकांची नोंदवही माझ्याकडे असे. महिनोन्महिने तिच्यात कोणाचं नाव चढत नसे. एके दिवशी कराचीहून एक बाई आली आणि जन्मगाव म्हणाली कळंब. माझंही कळंबच! ही तर आमच्या शेजारच्या चाचीची थोरली लेक. त्या घरी दर ईदला मी शिरखुर्मा हाणलेला. लग्नानंतर ती नवऱ्यामागे तिकडे गेली होती. मी तिच्या नावापुढे ‘परदेशी’ लिहिलं आणि मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

“भाऊ, मायले भेटून येऊ ना?” तिनं विचारलं.

व्हिशावर गाव एकच होतं, यवतमाळ. तिनं अर्ज केला तेव्हा चाची इथेच आपल्या भावाकडे राहायची. कागद हाती येईस्तोवर म्हातारीनं अंथरूण धरलं आणि मरायचं तर आपल्या घरी, म्हणून कळंबला गेली. एसटीनं तासाभराची वाट, पण शहर सोडलं की गुन्हा. परवानगीचा अर्ज मीच वर पाठवला. तिच्या मुक्कामाचे पंधरा दिवस संपत आले तरी उत्तर नाही. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. तो मला पटतही होता आणि नव्हताही. देशाची सरहद्द राखायलाच हवी, पण ती कळंबच्या वाटेत कुठून आली, ते काही केल्या उमगेना. रागही येई, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी लेक निघाल्याची नोंद करायला आली आणि पाठोपाठ कचेरीसमोर बैलगाडी थांबली. कडब्यावर गोधडी, तिच्यावर चाची. लेक तिच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. मी वही घेऊनच बाहेर धावलो.

“काहून रे, माह्या पोरीले घरी कायले येऊ देत नाही तू?” चाचीनं मलाच धरलं.

“चाची, तिचं नाव या वहीत हाये. वहीतल्या मानसाले कागदावरच्याच गावात राहा लागते.”

चाचीनं अंगठा पुढे केला.

“मंग माह्यंही नाव लिव तिच्याखाली. तिले धाडता तिथं मलेही धाडा.”

“नाही लिवता येत, चाची. तुमी इथल्याच हा ना.”

“आन् हे कुठली रे?”

मी खाली मान घालून लेकीच्या नावापुढे निघण्याची तारीख घातली.