एकटीनं खेळायची रॅकेट

परवा सांगलीहून पार्सल आलं. रॅकेट एक, सहा हजार चारशे. तार ओवायचे पाचशे. बॉलचा डबा एक, साडेचारशे... आणि पाठवणावळ साठ रुपये वेगळी. स्वतःच्या एका वस्तूवर इतके पैसे मी आजवर घातले नव्हते. वेष्टण काढून ती आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मगच हातात घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कराडजवळ साखर कारखान्याच्या कॉलनीत राहतो. साहेब लोकांसाठी कधीकाळी बांधलेलं टेनिस कोर्ट इथं आहे, पण उन्हाळ्यात त्यावर आम्ही बायकाच वाळवण घालायचो. मी आणि शेजारच्या मालनवहिनी कुरडया राखत बसायचो. एकदा कावळे हाकलायला म्हणून वहिनींनी क्लबाच्या अडगळीतून दोन जुन्या रॅकेट काढल्या... आणि तिथून हे वेड लागलं.

कावळ्यांवरून आम्ही बॉलवर आलो. कॉलनीतली माणसं आधी हसली, मग समोर खेळायला उभी राहू लागली. आम्ही दोघी मात्र कायम एका बाजूला. मी बुटकी म्हणून जाळीपाशी, वहिनी उंच म्हणून मागे. बॉल माझ्या डोक्यावरून गेला की तो वहिनींचा. मी मागे वळूनसुद्धा बघायचं नाही, असं त्यांनीच बजावलेलं. "तुमी फुडं बगा वो, मागलं मी बगते," म्हणायच्या.

वर्षानुवर्षं तसंच चाललं. संसारातही मला इतकं निर्धास्त कधी वाटलं नसेल...

मागच्या दिवाळीनंतर वहिनी पुण्याला लेकाकडे गेल्या. नातू झाला होता, सून नोकरीवाली. चार महिन्यांत येते म्हणाल्या. मग त्यांचे मालक रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा भाऊजी एकटेच होते. बाळ आजीला सोडत नाही, म्हणाले. मी त्यांना चहा करून दिला, रिकाम्या खोल्या झाडून घेतल्या.

घरी आता तसं मी एकटीच. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ह्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पूजा आटोपली की समोर सगळी सकाळ पडलेली असते.

लष्करातून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले नलवडेकाका म्हणाले, चला, आपण सिंगल्स खेळू. पण माझी जुनी रॅकेट हलकी, जाळीपाशी चटकन फिरवायला घेतलेली. मागच्या रेषेवरून मारलेला बॉल जेमतेम जाळीपर्यंत जायचा. जोर लावून लावून कोपर दुखायला लागलं. म्हणून अर्ध्या तिकिटात एस.टी.नं सांगलीला गेले. गणपतीचं दर्शन घेतलं आणि दुकान गाठलं.

दुकानदार भला माणूस. त्यानं विचारलं, तुम्ही कुठं उभ्या राहून खेळता? मी म्हटलं, जाळीपाशी. जोडीनं खेळता का? मी म्हटलं, हो, जोडीनंच... तोंडातून निघून गेलं. तो बिचारा त्या हिशेबानं हलकी रॅकेट दाखवू लागला. ती स्वस्तही होती. मग मी कोपराचं सांगितलं तेव्हा त्याला कोडं पडलं. त्यानं मोठ्या तोंडाची, जरा वजनदार अशी दुसरीही काढली. म्हणाला, आठवडाभर दोन्ही वापरून बघा आणि एक परत करा.

खरं सांगते, मी घरी येतानाच हलकी ठेवायची ठरवलं होतं. वहिनी परत आल्या तर मला तीच लागणार होती. वजनदार घ्यायची म्हणजे त्या येणार नाहीत, असं आपणच ठरवून टाकायचं...

दुसऱ्या दिवशी ती हलकी घेऊनच कोर्टावर गेले. काकांनी बॉल उंच उडवला. माझ्या डोक्यावरून गेला. मी जाळीकडे बघत उभी. पुन्हा उडवला, पुन्हा मी उभी. मागे बॉल टप्पे खात कुंपणापर्यंत गेलेला ऐकू येत होता. काका खेळ थांबवून जाळीशी आले.

"आवं ताई, त्यो बॉल कुनासाटी सोडताय? मागं कोन हाय तुमच्या?"

त्यांनी थट्टेत विचारलं. मी मात्र पाणी पिऊन येते म्हणून बाकावर जाऊन बसले. काका काय समजायचं ते समजले असावेत. ते शेजारी बसून नातवंडांच्या गोष्टी सांगत राहिले.

मग मी घरून वजनदार रॅकेट आणली आणि रेषेच्या मागे जाऊन उभी राहिले. पहिले दोन चुकले. तिसरा डोक्यावरून गेला तेव्हा वळले, धावले... पोचले नाही, पण धावले. हलकी परत करताना वजनदारही नवी तार ओवायला दुकानातच ठेवली. तीच परवा आली.

ही हाताला चांगली आहे. बॉल लांब जातो, कोपर दुखत नाही. देवानं ह्या वयात पाय शाबूत ठेवलेत आणि काकांसारखा माणूस समोर दिलाय, त्याचे आभार मानते. तरी मधेच पाठीमागे फार मोकळं मोकळं वाटतं.

मालनवहिनी, तुम्ही हे वाचाल तेव्हा बाळ झोपलेलं असेल. तुमच्या सोसायटीत कोर्ट आहे, असं भाऊजी म्हणाले होते. तिथं कोणी जोडीला मिळाली असेल तर तसं स्पष्ट लिहा. वाईट वाटेल मला, पण कळलेलं बरं. आणि खेळणं सुटलंच असेल तर तेही लिहा. खाली नुसता लाइकचा अंगठा दाखवू नका वहिनी... उलट टपाली दोन ओळी तरी धाडा.