फ्लेक्सवरची डॉक्टरीण

“तुमच्यात कोन डाक्टर झालंय आजवर? म्या केलं, तर रडायलीस.”

दवाखान्याचे मालक असलेले डॉक्टर पेशंटच्या रांगेसमोर मला हे म्हणाले. रांगेतले दोघं हसले.

मी एएनएम. दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स. घाटनांदूरच्या त्या खासगी दवाखान्यात सहा वर्षं नोकरी. मालकांची पदवी खरी होती, पण स्त्रीरोगाची नव्हती. त्या सकाळी स्टँडवर नवा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या ओळखपत्रावरचा फोटो. अंगावर कॉम्प्युटरनं चढवलेला पांढरा कोट. नावाआधी ‘डॉ.’, नावाखाली ‘स्त्रीरोग व प्रसूती तज्ज्ञ’. मला कुणी विचारलं नव्हतं. मी उतरवा म्हणाले, तर त्यांचं हे उत्तर.

मी गप्प बसले. दिवसभर काम केलं.

संध्याकाळी वस्तीत समाजमंदिरापुढे सतरंजी अंथरलेली. हार, नारळ, शाल. वस्तीतली पहिली डॉक्टर म्हणून माझा सत्कार. मी मोठी परीक्षा गुपचूप पास झाले, असं सगळ्यांनी धरलेलं.

“कावून लपवलंस गं?” शेजारच्या सोजरमावशीनं हार घातला. “सुनेला अंबाजोगाईला न्यायचं चाललंतं, बीपी लई वाढलंय. आता कशाला? आपलीच डाक्टरीन हाय.”

सून तिथंच बसलेली. नववा महिना. डोकं दुखतंय म्हणाली. मी तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला.

मी हार काढला. “म्या डाक्टर न्हाई. फ्लेक्स खोटा हाय. हिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या.”

मावशीनं शालीची घडी घातली.

“मग सकाळधरनं गप कावून बसलीस?”

मी सुनेला हात देऊन उठवलं.

अंबाजोगाईत सिझर झालं. दोघं वाचली. मी नोकरी सोडली आणि तालुक्याच्या आरोग्य कचेरीत तक्रार घेऊन गेले.

बाबूंनी वाचली. “फोटो तुमचा, नाव तुमचं. पहिली नोटीस तुमालाच निघंल, ताई. जावा घरी.”

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही. फ्लेक्स स्टँडवर तसाच.

चौथ्या खेपेला नव्या अर्जाखाली सही केली. पुढं लिहिलं, एएनएम. खाली नोंदणी क्रमांक.

“नोटीस माझ्यावरच काढा. फोटो कुणी लावला आणि मी दिवसभर गप्प का बसले, दोन्ही उत्तरात लिहीन. आवक नंबर द्या.”

“सायेब न्हाईत.”

“येतील.”

खुर्ची ओढली आणि बसले.